आजोबांचं घड्याळ परत मिळतं का?



आज सुरुवातीलाच एक कबुली देते. चूक माझी होती. पण त्या चुकीच्या मागे मागे गेले आणि घरबसल्या बंगळूर, चीनमधलं तिआनजिन आणि अमेरिका अशी फेरी मारून आले. ती फेरी आज तुमच्याबरोबर पुन्हा मारायची आहे.

झालं असं, की आमच्या चौथीच्या वर्गात घड्याळाचा पाठ चालू होता. सव्वा, साडे, पाऊण. पुठ्ठ्याच्या घड्याळाचे काटे फिरवून फिरवून मुलं कंटाळली होती. म्हणून मी म्हटलं, "ज्यांच्या घरी जुनं, चावी द्यायचं घड्याळ असेल त्यांनी उद्या आणा बरं!" "घरी विचारून आणा" हे तीन शब्द मात्र माझ्या तोंडून निघाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाच घड्याळं आली. दोन गजराची, एक भिंतीवरचं बंद पडलेलं, एक कुणाच्या तरी आत्याचं. आणि शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने दप्तरातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत होतं एच.एम.टी. जनता. पांढरी तबकडी, साधे काटे, पट्टा बदललेला. त्याच्या आजोबांना ते लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. मी चावी दिली. टिकटिक सुरू झाली आणि अख्खा वर्ग माझ्या टेबलाभोवती. प्रत्येकाला कानाला लावून बघायचं होतं. एक, दोन, तीन, चार... अकराव्या की बाराव्या हातातून ते निसटलं आणि शहाबादी फरशीवर पडलं. काचेला काही झालं नाही. टिकटिक मात्र थांबली.

त्या मुलाने रडं गिळलं आणि हळूच म्हणाला, "बाई, आजोबांना न सांगता आणलंय."

शाळा सुटल्यावर मी ते घड्याळ घेऊन एस.टी. स्टँडजवळच्या घड्याळवाल्या काकांकडे गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण काढलं आणि म्हणाले, "बॅलन्स गेला, बाई."

आता बॅलन्स म्हणजे काय ते आधी बघू, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल. चावीच्या घड्याळात बॅटरी नसते हे तुम्हाला माहीत आहेच. आपण चावी फिरवतो तेव्हा आत एका डबीतली लांब पोलादी पट्टी गुंडाळली जाते. तिला पुन्हा मोकळं व्हायचं असतं. ती एकदम मोकळी झाली, तर काटे गरगर फिरून मिनिटभरात सगळा खेळ खलास! म्हणून तिला रोखायला एक छोटं चाक बसवलेलं असतं. केसासारखी बारीक स्प्रिंग त्याला पुढे-मागे झोके देत राहते. प्रत्येक झोक्याला पुढचं दातेरी चाक एकच दाता सरकतं. तीच टिकटिक. या झोके घेणाऱ्या चाकाला म्हणतात बॅलन्स. त्याचा आस इतका बारीक असतो, की त्याची टोकं नुसत्या डोळ्यांनी नीट दिसतही नाहीत. ही टोकं माणकांच्या खोबणीत फिरतात. माणकं कारखान्यात बनवलेली, दागिन्यातली नव्हेत. ती कठीण आणि गुळगुळीत असल्यामुळे झीज कमी होते. "जनता"त अशी १७ माणकं असतात.

"जनता"चा बॅलन्स तासाला १८,००० ठोके देतो. सेकंदाला किती? भागाकार करा बघू. बरोबर, ५. आणि दिवसाला? आमच्या वर्गाने फळ्यावर गुणाकार केला: ४,३२,०००! पन्नास वर्षं दिवसाला सव्वाचार लाखांहून जास्त ठोके देणारं घड्याळ माझ्या पाठामुळे बंद पडलं होतं.

काकांकडे तो आस नव्हता. "शोधावा लागेल," म्हणाले. "पंधरा दिवस लागतील, मिळेलच असं नाही."

मग माझ्या मनात एक विचार आला. खरं सांगते, चांगला विचार नव्हता तो. असंच दिसणारं दुसरं "जनता" विकत आणायचं, जुना पट्टा त्याला लावायचा आणि मुलाच्या हाती गुपचूप घरी पाठवायचं. आजोबांना काय कळणार? नवीन "जनता" मिळतं का हे शोधायला म्हणून मी रात्री बसले, आणि तिथून ही फेरी सुरू झाली.

आधी बंगळूर. हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे एच.एम.टी., ही सरकारी कंपनी १९५३ साली सुरू झाली. तिचं मूळ काम यंत्रं बनवणारी यंत्रं तयार करण्याचं. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने तिने बंगळूरला मनगटी घड्याळांचा कारखाना उघडला. तोपर्यंत चांगलं घड्याळ म्हणजे परदेशातून आलेलं, महागाचं. एच.एम.टी.मुळे मास्तर, कारकून, शेतकरी यांच्या मनगटावर घड्याळ आलं. पुढे मागणी इतकी वाढली, की नंबर लावावा लागे. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, जावयाला एच.एम.टी. मिळालं की नाही यावरून लग्नात रुसवेफुगवे कसे होत ते सांगतील. तुमकूर, श्रीनगर, राणीबाग इथेही तिचे कारखाने निघाले.

मग आली सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळं. जपानच्या सायको कंपनीने १९६९ सालच्या नाताळात पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. त्यात गारेच्या स्फटिकाचा चिमुकला तुकडा असतो. आजच्या क्वार्ट्झ घड्याळांत तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. कुठे ५ आणि कुठे ३२,७६८! ही घड्याळं वेळ जास्त अचूक दाखवत, चावी द्यायला नको, आणि पुढे पुढे तर स्वस्तही झाली. जगभर चावीच्या घड्याळांचे कारखाने धडाधड बंद पडले. आपल्याकडे टायटनची क्वार्ट्झ घड्याळं १९८७ साली आली आणि एच.एम.टी. मागे पडत गेली. शेवटी जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला.

आणि गंमत बघा. बंद होणार म्हटल्यावर लोकांना तिची आठवण आली! "जनता" आणि "पायलट" शोधत लोक फिरू लागले. मूळ एच.एम.टी. कंपनीकडून "जनता" नावाची घड्याळं त्यानंतरही बाजारात येत राहिली. म्हणजे नवीन "जनता" मिळणं अशक्य नव्हतं. माझा बेत जमण्यासारखा होता.

शोधता शोधता मला कळलं, की बंद झालेली जुनी घड्याळं पुन्हा नव्याने बनवायची टूम जगभर निघाली आहे. याला काय म्हणावं? मला पुस्तकाचा शब्द बरा वाटतो: नवी आवृत्ती. एखादं जुनं पुस्तक संपलं, की प्रकाशक ते पुन्हा छापतो. मजकूर तोच. कागद नवा, शाई नवी. आणि आत पहिल्याच पानांत लिहिलेलं असतं, पहिली आवृत्ती अमुक साली, दुसरी तमुक साली. ते पान तुम्ही कधीच वाचत नाही, मला माहीत आहे! पण त्या पानावर माझी आजची सगळी गोष्ट अडलेली आहे.

माझा मामेभाऊ पुण्याला नोकरी करतो. त्याच्या हातात अशीच एक नवी आवृत्ती आहे हे मला माहीतच नव्हतं. मी फोनवर बोलले तर म्हणाला, "ताई, रविवारी येतो, दाखवतो." तो दोन दिवस राहिला, म्हणून सोमवारी मी त्याला घड्याळासकट वर्गातच नेलं. (या वेळी घड्याळ कुणाच्याही हातात दिलं नाही. सगळ्यांनी हात मागे बांधून बघायचं, असा नियम.)

घड्याळाला म्हणतात "१९६३". सायीच्या रंगाची तबकडी, सोनेरी आकडे, निळे काटे, वर एक लाल तारा आणि खाली चिनी अक्षरं. मोठ्या तबकडीत दोन छोट्या तबकड्या. डावीकडच्या छोट्या तबकडीत नेहमीचा सेकंदकाटा फिरतो. मधला लांब लाल काटा मात्र गप्प उभा असतो. बाजूचं बटण दाबलं की तो धावू लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, आणि दुसरं बटण दाबलं की टुणकन शून्यावर! उजवीकडची छोटी तबकडी अशी ३० मिनिटं मोजते. शर्यतीत सर शिट्टी मारून घड्याळ दाबतात ना, तेच काम, पण मनगटावर आणि बॅटरीशिवाय.

याची गोष्ट अशी. चीनच्या हवाई दलाला वैमानिकांसाठी असं घड्याळ हवं होतं. १९६१ साली सरकारने तिआनजिन शहरातल्या घड्याळ कारखान्याला ते काम दिलं. कामाचा सांकेतिक क्रमांक ३०४. त्या कारखान्यात पहिलं घड्याळ तयार होऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती, १९५५ साली. इतकं गुंतागुंतीचं यंत्र ते कुठून आणणार? स्वित्झर्लंडमध्ये व्हीनस नावाची कंपनी होती. ती आपलं "१७५" नावाचं जुनं यंत्र बंद करून नवं काढायच्या खटपटीत होती. चीनने तिच्याकडून "१७५" बनवायची यंत्रसामग्री विकत घेतली. त्यावरून शिकत शिकत तिआनजिनच्या कारागिरांनी आपलं घड्याळ उभं केलं. साधारण चौदाशे घड्याळं बनली. ती वैमानिकांच्या हाती गेली, दुकानात कधी आलीच नाहीत.

इथे आमच्या वर्गातल्या एका मुलीने हात वर केला. "बाई, पण १९६२ साली चीनशी आपलं युद्ध झालं होतं ना? मग हे शत्रूचं घड्याळ?"

प्रश्न ऐकून मामेभाऊ माझ्याकडे बघू लागला आणि मी त्याच्याकडे. मी म्हटलं, हो, त्याच काळातलं. आता फळ्यावर दोन साल लिहू. १९६१: बंगळूरचे कारागीर जपान्यांकडून घड्याळ शिकतात. १९६१: तिआनजिनचे कारागीर स्वित्झर्लंडचं यंत्र शिकायला घेतात. एकाच वर्षी दोन शेजाऱ्यांनी एकच अभ्यास सुरू केला होता. ती मुलगी बसली, पण तिचं पूर्ण समाधान झालं नाही. झालं नाही तर नाही. प्रश्न चांगला होता.

पुढे एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच कारखान्याच्या वारसदार कंपनीने, तिचं नाव सीगल, ते यंत्र पुन्हा बनवायला घेतलं आणि त्यावर जुन्या तबकडीची नवी आवृत्ती निघाली. मामेभावाने घड्याळ उलटं केलं. मागे काच होती! आत सोनेरी चाकं, जांभळट लाल माणकं, निळे स्क्रू. मधे एक छोटं चाक, त्याच्यावर किल्ल्याच्या बुरुजांसारखे खांब. बटण दाबलं की ते चाक एक घर पुढे सरकतं, आणि खांबांमध्ये तरफा पडतात किंवा उचलल्या जातात. त्याच्यामुळे लाल काटा धावतो नि थांबतो. मुलं श्वास रोखून बघत होती. हे यंत्र तासाला २१,६०० ठोके देतं. म्हणजे सेकंदाला ६. व्हीनसचं मूळ यंत्र "जनता"सारखंच १८,००० ठोक्यांचं होतं. तेव्हा नव्या आवृत्तीत थोडी सुधारणाही झाली, पण घराणं तेच.

किंमत? दोनशे-तीनशे डॉलरच्या आसपास, म्हणजे आपले वीस हजार आणि वर. "बाई, एवढ्यात म्हैस नाही का येत?" हा पुढचा प्रश्न. नाही रे, चांगली म्हैस त्याच्याहून महाग आहे. पण असं बटणांचं स्विस घड्याळ घ्यायला गेलं तर लाखांत मोजावे लागतात. म्हणून जगातले हौशी लोक याला स्वस्त म्हणतात. स्वस्त कुणासाठी, हे तुम्ही ठरवा.

सगळ्या नव्या आवृत्त्या अशा नसतात हं. अमेरिकेच्या टायमेक्स कंपनीचं "मार्लिन" घ्या. टायमेक्सची जुनी घड्याळं अगदी स्वस्त असत. बहुतेकांत माणकं नसत आणि बिघडली तर लोक टाकून देत. पण दणकट! टी.व्ही.वरच्या जाहिरातीत ती घड्याळं बोटीच्या पंख्याला बांधून पाण्यात फिरवून दाखवत. एकदा थेट प्रसारण चालू असताना घड्याळ पंख्यावरून सुटून गेलं, आणि जाहिरात करणारे गृहस्थ सगळ्या देशासमोर ओशाळले. तर १९६०च्या दशकातलं हे चावीचं "मार्लिन" टायमेक्सने २०१७ साली पुन्हा काढलं, १९९ डॉलरला. आकार तोच लहानसा, ३४ मिलिमीटर. आकड्यांची वळणं तीच. वर फुगीर प्लास्टिकची काच. पण आतलं यंत्र चिनी बनावटीचं. म्हणजे कपडे आजोबांचे आणि आत नातू! वाईट आहे का? मला नाही वाटत. माणकं असलेलं आतलं यंत्र जुन्यापेक्षा बरंच म्हणायचं. फक्त ते जुनं "मार्लिन" नव्हे, एवढं लक्षात ठेवायचं.

आणि रशियातल्या चिस्तोपोल गावी एक कारखाना आहे, वोस्तोक. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली मॉस्कोहून यंत्रं हलवून तो तिथे नेला. त्यांचं "अँफिबिया" हे पाणबुड्यांचं घड्याळ १९६७ सालचं. पाणी जितकं खोल तितकं त्याचं झाकण दाबानेच घट्ट बसतं, अशी युक्ती आहे. त्यांनी ते बनवणं थांबवलंच नाही. तेव्हा नवी आवृत्ती काढायचा प्रश्नच आला नाही.

एक गोष्ट नव्या आवृत्तीत मुद्दाम बदललेली असते आणि ती बदललेलीच बरी. अंधारात चमकणारे काटे! फार जुन्या घड्याळांत त्यासाठी रेडियम मिसळलेला रंग असे. अमेरिकेत हा रंग भरणाऱ्या मुली ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरत. १९२०च्या दशकात त्यातल्या कितीतरी जणी भयंकर आजारी पडल्या, काही दगावल्या. आता वापरतात तो रंग वेगळा, किरणं न सोडणारा. गंमत म्हणजे काही कंपन्या नवा कोरा रंगही पिवळट तपकिरी करून लावतात, पन्नास वर्षांचा जुना दिसावा म्हणून! मला हे कसंसंच वाटतं. म्हातारपण हळूहळू येऊ द्यावं की. पण हौसेला मोल नाही. तुमच्या घरच्या खूप जुन्या घड्याळाचे आकडे चमकणारे असतील, तर त्याचं झाकण उघडायला जाऊ नका, एवढं मात्र पक्कं ऐका.

आता आपल्या "जनता"कडे परत.

दुसऱ्या आठवड्यात मी घड्याळवाल्या काकांकडे पुन्हा गेले आणि माझा बेत सांगितला. ते हसले नाहीत. त्यांनी खणातून एक घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलं. लालभडक तबकडीचं, चकाचक "जनता". "हे घ्या ना मग," म्हणाले. "स्वस्तात देतो."

मला ते आवडलंच. मग त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं. "आता नावाकडे बघा."

भिंगातून बघितलं, तर एच.एम.टी.ची अक्षरं जाड-बारीक. मिनिटांच्या रेघा एका ठिकाणी जवळ, एका ठिकाणी लांब. "ही तबकडी कारखान्यातली नाही," काका म्हणाले. "जुनी खरवडून पुन्हा रंगवलीय. आतले भाग दोन-तीन घड्याळांतले. असली खूप फिरतात." नंतर वाचलं तेव्हा कळलं, की बाहेरदेशच्या हौशी लोकांनी असल्या भारतीय घड्याळांना नावच ठेवलंय, "मुंबई स्पेशल"! वाचून मान खाली गेली. वडापावाला शोभणारं नाव कशाला मिळालं बघा.

म्हणजे तीन घड्याळं माझ्यासमोर होती. एक आजोबांचं, बंद. एक नवीन "जनता", जे पेटीवरच सांगतं की मी आत्ताचं आहे. आणि एक हे लाल, जे जुनं असल्याचं सोंग करतं. पुस्तकाच्या भाषेत बोलायचं तर याने आवृत्तीचं पान फाडून टाकलं होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं, की मीसुद्धा तेच करायला निघाले होते. नवीन "जनता" बिचारं प्रामाणिक होतं. त्याला जुना पट्टा लावून आजोबांच्या उशाशी ठेवायचं, हे सोंग माझं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. बेतही सांगितला. तो म्हणाला, "बाई, ते आजोबांना कळलंच असतं."

"कसं?"

"चावी एका बाजूने गुळगुळीत झालीय ना. आजोबा अंधारातपण अंगठ्याने ओळखतात."

काकांना शेवटी बंगळूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून अख्खा बॅलन्स मिळाला, दुसऱ्या एका मोडक्या "जनता"तला. सहाशे रुपये झाले, ते अर्थात मी दिले. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. वाटेत तो एकही शब्द बोलला नाही, आणि मला तरी कुठे सुचत होतं!

आजोबा ओसरीवर बसले होते. घड्याळ दोन आठवडे सापडत नव्हतं, त्यामुळे घरात आधीच शोधाशोध झालेली. मुलाने रुमाल उघडून त्यांच्यापुढे धरला आणि जे घडलं ते सांगितलं. मीही सांगितलं, की आणायला मीच लावलं, आणि आत एक भाग दुसऱ्या घड्याळाचा बसवलाय. आजोबा नातवाला बोलले. चांगलंच बोलले. मला काही बोलले नाहीत, त्याने जास्तच लागलं.

मग त्यांनी घड्याळ हातात घेतलं, अंगठ्याने चावी चाचपली, कानाला लावलं. बराच वेळ ऐकत होते.

"बाई," ते म्हणाले, "काढलेला तुकडा कुठाय?"

काकांनी तो कागदाच्या पुडीत बांधून दिला होता. मी पर्समधून काढून दिला. त्यांनी पुडी उघडली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "एवढंसं?" मग आत जाऊन काड्यापेटीत ठेवून आले. चहा झाला. निघताना त्यांनी माझ्या मोबाईलवरची वेळ विचारली आणि काटे जुळवून घेतले.

परवा शाळेच्या फाटकाशी भेटले. म्हणाले, दिवसाला अर्धा मिनिट पुढे जातंय. मी म्हटलं, काकांकडे द्या, ठोके थोडे कमी करून देतील. तर म्हणाले, "राहू द्या. एस.टी. चुकत नाही."

पालकांसाठी दोन ओळी: चावीचं घड्याळ, जुनं असो की नवी आवृत्ती, दिवसाला दहा-वीस सेकंद इकडेतिकडे होणारच. काही वर्षांनी त्याला तेलपाणी लागतं. घेताना विक्रेत्याला एकच विचारा, हे बनलं कधी आणि आतलं यंत्र कुणाचं? उत्तर गुळमुळीत आलं, तर पुढच्या दुकानात जा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी गृहपाठ. घरात चावीचं घड्याळ असेल तर, घरी विचारून (या वेळी विसरले नाही!), मोबाईल त्याच्या शेजारी ठेवून दहा सेकंद आवाज रेकॉर्ड करा. मग तो हळू वेगाने लावून ठोके मोजा. ५० आले तर तासाला किती? ६० आले तर? उत्तर आणि घड्याळाचं नाव पोस्टकार्डावर लिहून पाठवा. घड्याळ कुणाचं होतं, तेही लिहा.

तुमच्या बाई